डिशला उंची लागत नाही

गावाकडच्या कौलारू घरांवर अजूनही एखादा गंजका लोखंडी पाईप उभा दिसतो. वीस-बावीस फूट उंच, तारेच्या तीन ताणांनी धरलेला. त्यावरचा ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा अँटेना कधीच उतरला, पण पाईप उभाच आहे म्हणून कुणीतरी त्याच्याच शेंड्याला डिश आवळून ठेवलेली असते. वाऱ्यात ती हळूहळू डुलते आणि घरातलं चित्र मधूनमधून चौकोन चौकोन होऊन थबकतं. मग कुणीतरी पुन्हा वर चढतं.

उंचीची ही सवय उगाच लागलेली नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्यासाठी प्रक्षेपण होऊ लागलं. मनोऱ्यावरून निघालेल्या त्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जायच्या. मधे डोंगर किंवा इमारत आली की पडद्यावर मुंग्या. अँटेना जितका वर जाई तितका मनोरा त्याच्या नजरेच्या टप्प्यात येई. मुंबईच्या पहिल्या चॅनेलच्या लहरींची लांबी जवळजवळ पावणेपाच मीटर होती, म्हणून अँटेनाची सर्वांत लांब दांडी सात-आठ फुटांची असायची. एवढं धूड वीस फुटांवर चढवणं हे जोखमीचंच काम होतं, पण त्या काळी दुसरा इलाजही नव्हता.

डिशचं गणित वेगळं आहे. डीडी फ्री डिश ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते तो नोव्हेंबर २०१५ मध्ये अवकाशात गेला आणि विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पुण्यातल्या गच्चीपासून त्याचं अंतर साधारण साडेछत्तीस हजार किलोमीटर. त्यात आपल्या वीस फूट पाईपनं काय फरक पडणार? काहीच नाही. डिशला फक्त उपग्रहाच्या दिशेचं आकाश मोकळं लागतं. अंगणातल्या कमरेएवढ्या खांबावरूनही ते दिसत असेल, तर तीच घरातली सर्वांत चांगली जागा. शिडी नको, पत्र्यावर चढणं नको, वारा कमी, विजेचं भय कमी, आणि पावसाळ्यात बिघाड झाला तर चपला घालून खाली उभं राहून दुरुस्ती. डिश बसवताना होणाऱ्या अपघातांतले बरेचसे असे जागा निवडतानाच टाळता येतात.

ती दिशा म्हणजे आपली आग्नेय. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजलं तर मुंबईहून १३१ अंश, पुण्याहून १३२, पणजीहून १२७. नागपूर बरंच पूर्वेला असल्यामुळे तिथून उपग्रह दक्षिणेकडे सरकतो, १४४ अंशांवर. क्षितिजापासूनची उंची मुंबईत साडेसत्तावन्न अंश, पुण्यात एकोणसाठ, नागपुरात साठ, पणजीत एकसष्ट. म्हणजे उपग्रह आपल्याकडून बऱ्यापैकी वर आहे. हिशेब सोपा ठेवायचा: समोरची भिंत किंवा झाड डिशपासून एक मीटर लांब असेल तर ते डिशच्या वर दीड मीटर आलं तरी चालतं, तीन मीटर लांब असेल तर साडेचार मीटर. शेजारची दोन मजली इमारत पाहून लोक हताश होतात आणि डिश वर वर नेतात. खरं तर चार पावलं मागे सरकून काम भागलं असतं. झाडाच्या बाबतीत मात्र पाच वर्षांनंतरचं झाड डोळ्यांसमोर आणावं. नारळ आणि आंबा वाढायचे थांबत नाहीत, आणि भिजलेली पानं सिग्नल हमखास अडवतात.

मोबाईलमधलं होकायंत्र दिशेसाठी पुरतं. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही. फक्त ते लोखंडी पाईपला, ग्रिलला किंवा टाकीच्या स्टँडला चिकटून धरायचं नाही. दोन-तीन मीटर लांब उभं राहून दिशा घ्यायची आणि त्या रेषेतली लांबची एखादी खूण लक्षात ठेवायची, कुणाची पाण्याची टाकी, एखादा माड.

याहून पक्की खूण वर्षातून दोनदा सूर्यच देतो. १२ मार्चच्या आसपास सकाळी सव्वाअकराला आणि १ ऑक्टोबरच्या आसपास अकराला पाच मिनिटं कमी असताना महाराष्ट्रातून पाहिलं तर सूर्य नेमका जीसॅट-१५ च्या जागी असतो. त्या वेळी डिशच्या नियोजित जागेवर ऊन पडलं असेल तर उपग्रहाची वाट मोकळी आहे. सावली असेल तर ज्याची सावली तोच अडथळा. सूर्याकडे मुळीच बघायचं नाही, जमिनीकडे बघायचं. याच दिवसांत चालू डिशचं चित्रही काही मिनिटं जातं, कारण सूर्य स्वतःच त्या लहरींचा गोंगाट करतो. तो बिघाड नाही. अशा वेळी वर चढून नट सैल करणारा माणूस चांगली लागलेली डिश बिघडवून खाली येतो.

जागा ठरवण्याआधी आणखी एकदा मान वर करायची, या वेळी तारांसाठी. गावात आणि शहराच्या जुन्या भागात घरावरून ११ केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची, लाईन गेलेली असते. त्या तारेवर कसलंही आवरण नसतं. काळपट दिसते म्हणून ती रबरी आहे असं समजून लोक फसतात. इमारतीपासून ११ केव्हीच्या तारेचं अंतर आडवं किमान १.२ मीटर आणि उभं ३.७ मीटर हवं असा नियम आहे, पण तो उभ्या इमारतीसाठी आहे, हातात दहा फुटी पाईप धरून वळणाऱ्या माणसासाठी नाही. आपण नियम असा धरायचा: पाईप, शिडी किंवा डिश हातातून सुटून कुठल्याही बाजूला आडवी पडली तरी तारेपर्यंत पोचता कामा नये. पोचत असेल तर ती जागा रद्द. पाईप तारेकडे कलू लागला तर तो सावरायला जायचं नाही, सोडून लांब व्हायचं. तो पकडून ठेवण्याच्या ओढीनं माणसं जातात.

पत्र्याच्या घरांबद्दल थोडं कडक बोलायला हवं. सिमेंटचा पत्रा माणसाच्या वजनासाठी बनवलेला नसतो. उन्हापावसात आठ-दहा वर्षं काढलेला पत्रा वरून धड दिसतो आणि पाय ठेवताच मोडतो. त्यावर डिश बसवायचीच नाही. भिंतीला ब्रॅकेट किंवा अंगणात खांब. कौलांचंही तेच: पाच कौलं फुटणार, आणि गळती पहिल्या पावसाशिवाय कळणार नाही. शिडी लागलीच तर बारा फूट उंचीला तिचा पाय भिंतीपासून तीन फूट बाहेर असावा, वरचं टोक कडेच्या वर तीन फूट निघालेलं असावं आणि खाली एक माणूस शिडी सोडून कुठेही न जाणारा असावा.

स्लॅबची गच्ची मिळाली की लोक निर्धास्त होतात आणि सरळ ड्रिल लावतात. आपल्याकडच्या बहुतेक गच्च्यांवर स्लॅबच्या वर विटांच्या तुकड्यांचा चार-पाच इंची कोबा असतो, पाणी अडवण्यासाठी घातलेला. तीन इंची अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून बसणारा बोल्ट, त्या कोब्यातच संपतो. आवळताना घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण त्यानं धरलेला असतो तो भुसभुशीत चुना-विटांचा थर. वर त्या चार भोकांतून पाणी आत शिरतं आणि खालच्या खोलीच्या छताला दोन पावसाळ्यांत ओल येते. म्हणून कोब्याला हात लावायचा नाही. जिन्याच्या खोलीची भिंत असेल तर तीच पहिली पसंती. वरच्या कडेपासून किमान एक फूट खाली, विटेच्या मधोमध भोक, सांध्यात नाही. विटेत फुगणारा फास्टनर वीट फोडतो, तेव्हा नऊ इंची भिंतीला आरपार बोल्ट आणि पलीकडून लोखंडी पट्टी उत्तम. साडेचार इंची कठड्याला डिश लावूच नये. तिथे डिश टिकते, कठडाच बाहेरच्या बाजूला झुकतो.

भिंतच नसेल तर काँक्रीटचा ठोकळा ओततात. दीड फूट लांब, दीड फूट रुंद, अर्धा फूट जाड: वजन साधारण सत्तर किलो. एकट्याला उचलवत नाही म्हणून तो पुरेसा वाटतो. वाऱ्याचा हिशेब मांडून बघू. ६० सेंटिमीटरच्या डिशवर ताशी शंभर किलोमीटरचा वारा समोरून आला तर एकोणीस किलोच्या आसपास रेटा बसतो. दीडशेचा आला तर बेचाळीस किलो. वेग दीडपट झाला की रेटा सव्वादोनपट होतो. डिशचा मध्य गच्चीपासून दोन फुटांवर धरला तर दीडशेच्या वाऱ्यात तो सत्तर किलोचा ठोकळा सरळ कलंडतो. तेवढ्याच जाडीचा दोन फूट बाय दोन फूट ठोकळा, वजन एकशे तीस किलो, जागचा हलत नाही. नुसत्या वजनानं हे साधत नाही, पाया रुंद झाल्यानं साधतं.

हे आकडे अतिशयोक्तीचे नाहीत. इमारतींसाठीच्या भारतीय मानकात मुंबईला आणि नागपूरला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, पुण्याला ३९. ४४ मीटर म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा कौलं, पत्रे, माड काही काही उरलं नाही. आता कल्पना करा, दोन विटा आणि एक पाटा वजन म्हणून ठेवलेल्या डिशचं काय होत असेल. उडालेली डिश म्हणजे धारदार कडेचा पत्रा. खालच्या रस्त्यावर कोण चाललं आहे ते ती बघत नाही. कोकणात धो धो पावसात चित्र टिकावं म्हणून ९० सेंटिमीटरची डिश घेतात, आणि ते बरोबरच आहे, कारण या लहरी अडीच-पावणेतीन सेंटिमीटरच्या आहेत आणि पावसाचे थेंब त्या गिळतात. पण तिचं क्षेत्रफळ सव्वादोनपट, रेटाही सव्वादोनपट. ती सुट्या ठोकळ्यावर ठेवायची नाही, भिंतीलाच बांधायची.

उभा पाईप ओळंब्यात आहे का, हे दोन बाजूंनी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. गवंड्याचा ओळंबा नसेल तर दोरीला नट बांधला तरी चालतो. पाईप दोन अंश कललेला असेल तर डिशच्या पट्टीवरचे आकडे खोटे ठरतात आणि मग सगळा शोध अंदाजपंचे.

आता डिशचा चेहरा बघा. साठ अंशांवरच्या उपग्रहाकडे बघणारी डिश तशी वाटतच नाही. ती समोरच्या घराच्या माळ्याकडे बघत असल्यासारखी उभी दिसते. ही ऑफसेट डिश आहे. तिच्यावर लहर वरून येते आणि खाली पुढे आलेल्या दांडीवरच्या एलएनबीकडे, म्हणजे लहर पकडणाऱ्या डबीकडे, परावर्तित होते. हा फरक साधारण पंचवीस अंशांचा असतो. उपग्रह वर आहे म्हणून डिशचं तोंड आभाळाकडे करणारा माणूस दिवसभर शोधत बसतो. मागच्या ब्रॅकेटवरची अंशांची पट्टी सहसा हा फरक धरूनच छापलेली असते. पुण्यात ती एकोणसाठवर लावायची आणि डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही.

दहा-अकराचा आणि बारा-तेराचा पाना हाताशी ठेवा. उंची पट्टीवर लावून नट बेताचा आवळायचा, म्हणजे डिश हातानं हलेल पण सोडली की थांबेल. सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत एलएनबी ०९७५०–१०६०० निवडून सिग्नलचा पडदा उघडायचा. तिथे दोन पट्ट्या असतात. स्ट्रेंग्थची पट्टी डिश भिंतीकडे तोंड करून ठेवली तरी बऱ्यापैकी भरते. एलएनबीला वीज पोचते आहे एवढंच ती सांगते. खरी पट्टी क्वालिटीची. स्ट्रेंग्थ नव्वद आणि क्वालिटी शून्य असेल तर डिश चुकीच्या ठिकाणी बघते आहे. आणि चुकीचं ठिकाण फार लांब नसतं. ९५ अंशांवर एसईएस-८ हा दुसरा उपग्रह उभा आहे, आपल्या उपग्रहापासून दीड अंशावर. ६० सेंटिमीटरच्या डिशची नजर सुमारे तीन अंश रुंद असते. डिशची कड एक सेंटिमीटर सरकली की ती जवळजवळ दोन अंश फिरते. म्हणजे बोटाच्या पेराएवढ्याही अंतरात नाही, नखाएवढ्या अंतरात उपग्रह येतो आणि जातो.

म्हणून डिश फिरवायची ती अर्धा सेंटिमीटर, मग हात काढून तीनपर्यंत मोजायचं. बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढे क्षण लागतात. जुन्या अँटेनाच्या वेळी ‘आलं, आलं… गेलं!’ असं ओरडत सलग फिरवता यायचं, इथे सलग फिरवलं तर उपग्रह ओलांडून जातो आणि कळतसुद्धा नाही. क्वालिटी मिळाली की तिथेच खूश होऊन थांबायचं नाही. डावीकडे जाऊन ती जिथे पडते तिथे पाईपवर पेन्सिलीची रेघ, उजवीकडे पडते तिथे दुसरी, आणि डिश दोन्हींच्या बरोबर मधे. उंचीलाही असंच. शेवटी एलएनबी तिच्या पकडीत थोडी थोडी दोन्ही बाजूंना फिरवून बघायची. कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रात उपग्रह बराच बाजूला असल्यामुळे ती चांगलीच तिरकी होते, सरळ उभी ठेवली तर क्वालिटी अर्धवटच राहते. नट आवळताना एकच नट पूर्ण आवळू नये, आलटून पालटून पाव-पाव फेरा द्यावा, कारण आवळण्यानेच डिश ते नखभर अंतर सरकते.

हे सगळं करताना मोबाईलवर खालच्या टीव्हीचं चित्र बघत बघत गच्चीवर मागे चालायचं नाही. कठडा नसलेल्या गच्चीवर तर मुळीच नाही. डिशला कामाच्या वेळी नायलॉनची दोरी बांधून ती पक्क्या जागी अडकवलेली असावी.

केबल आरजी-६, शक्यतो एकसंध. टोकाची पिन लावताना वरचं आवरण दीड सेंटिमीटर काढायचं, जाळी मागे दुमडायची आणि मधली तार पिनच्या तोंडाबाहेर दोन मिलिमीटर राहील इतकीच ठेवायची. जाळीचा केसाएवढा एक तंतू जरी मधल्या तारेला टेकला तरी बॉक्स एलएनबीला देत असलेला १३ किंवा १८ व्होल्टचा पुरवठा शॉर्ट होतो. म्हणून प्रत्येक वेळी पिन काढताना-लावताना बॉक्सचा प्लग भिंतीतून काढलेला हवा. त्याला आणखी एक कारण आहे. दोन पिनांच्या प्लगवर चालणारा बॉक्स आणि टीव्ही यांच्या केबलच्या जाळीवर विजेची बारीक गळती असते. हात लावला की झिणझिण्या येतात. त्यानं इजा होत नाही, पण शिडीवरच्या माणसाचा हात दचकून सुटतो. एलएनबीजवळच्या पिनवर रबरी टोपी आणि हवामानरोधक टेप. पाणी एकदा जाळीत शिरलं की केबल आतून हिरवी पडत जाते. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं, आणि भिंतीचं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडायचं.

विजेबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे: डिशवर थेट पडलेल्या विजेपासून कुठलीही घरगुती जोडणी टीव्ही वाचवत नाही. अर्थिंग असतं ते जवळ पडलेल्या विजेचा दाब आणि साठणारा भार जमिनीत नेण्यासाठी आणि घराला आग लागू नये म्हणून. गच्चीच्या वर निघालेल्या पाईपला १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, शक्य तितकी सरळ, घराच्याच अर्थिंगला जोडलेली हवी. वेगळा खड्डा खणून तो घराच्या अर्थिंगशी न जोडता सोडणं धोक्याचं, कारण वीज जवळ पडली की दोन जमिनींमधला दाब तुमच्या टीव्हीतून वाट काढतो. केबलची जाळीही घरात शिरण्याआधी जोडणीच्या ठोकळ्यातून, चार चौरस मिलिमीटरच्या तारेनं, त्याच अर्थिंगला जोडायची. न्यूट्रलला कधीही जोडायचं नाही. न्यूट्रल कुठे तुटली तर डिशवरच २३० व्होल्ट उभे राहतात. आंतरराष्ट्रीय मानकात याला एक सवलत आहे: डिश छताच्या कडेपेक्षा दोन मीटरहून अधिक खाली आणि भिंतीपासून दीड मीटरच्या आत असेल तर पाईपला ही अर्थिंगची जाड तार लागत नाही. म्हणजे भिंतीवर खाली बसवलेली डिश इथेही सोपी पडते.

मराठवाड्यात आणि विदर्भात वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा जास्त पडतात. आभाळ भरून आलं की केबल आणि प्लग दोन्ही काढून ठेवायचे, गडगडाट सुरू व्हायच्या आधी. चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. मग केबलला हात लावायचा नाही, गच्चीवर तर जायचंच नाही, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत.

सगळं आवळून झालं की प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीपर्यंत पिवळ्या ऑइलपेंटची एक बारीक रेघ ओढून ठेवा, आणि पाईप ब्रॅकेटमध्ये जिथे शिरतो तिथेही एक. मे महिन्याच्या शेवटी ती बघायची. रेघ सलग असेल तर पाना खालीच राहू द्या. नटावरची रेघ पट्टीवरच्या रेघेपासून तुटलेली दिसली तर तेवढाच नट परत रेघेला रेघ लागेपर्यंत फिरवा, बाकी कशालाही हात न लावता.